मलावी सरोवरातले शेजारी

आमच्या साताऱ्याच्या घरी तीन फुटी फिश टँक आली ती लेकीच्या अकराव्या वाढदिवसाला. गप्पी आणि गोल्डफिश काय, सगळ्यांकडेच असतात. दुकानदार म्हणाला, "आफ्रिकन सिक्लिड न्या ताई, रंग बघा एकेकाचे!" आणि आम्ही भुललो. लेकीने आठ मासे निवडले. त्यात तिचा लाडका म्हणजे पिवळाधमक, अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला ऑराटस. पुढे हा पिवळा मासा हळूहळू काळपट झाला. नर निघाला तो! मग रोज सकाळी कोणाची ना कोणाची शेपटी कुरतडलेली दिसू लागली. सहावा मासा मी मोगऱ्याच्या कुंडीत पुरला तेव्हा लेक एवढंच म्हणाली, "आई, ह्याला मीच निवडलं होतं ना?" उरलेले दोन दुकानात परत गेले आणि टाकी माळ्यावर.

माझ्या नणंदेच्या यजमानांची नोकरी मलावी देशात, लिलाँग्वे या राजधानीच्या गावी. फोनवर हे सारं सांगितलं तर वन्सं हसून म्हणाल्या, "अगं वहिनी, तुमचे ते मासे इथलेच की! मे महिन्यात शाळेला सुटी असते ना तुझ्या? या सगळे." ह्यांनी बरेच दिवस हिशेब केले, पण शेवटी आम्ही निघालो. मुंबईहून आदिस अबाबा, तिथे विमान बदलून लिलाँग्वे.

सरोवर पाहायला सालिमावरून मंकी बेच्या रस्त्याला लागलो. वाटेत टोमॅटोचे नीट रचलेले ढीग घेऊन बसलेल्या बायका, डोक्यावर पाण्याची भांडी, पाठीवर कापडात बांधलेलं मूल. शेवटी डोंगर ओलांडून केप मॅक्लीअरला उतरलो आणि समोर पाणीच पाणी. आफ्रिकेतलं हे तिसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. लांबी ५५० किलोमीटरहून अधिक आणि खोली काही ठिकाणी सुमारे ७०० मीटर. माशांच्या जितक्या जाती इथे आहेत तितक्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सरोवरात नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक इथल्याशिवाय कुठेच सापडत नाहीत. म्हणून तर या टोकाचा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला आहे. १९८४ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात नोंद केली.

किनाऱ्यावरच चेंबे गाव आहे. भल्या सकाळी बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भांडी घासत होत्या, कपडे धूत होत्या. अगदी आपला कृष्णेचा घाट! बाजूला मांडवांवर उसिपा नावाची बारीक मासळी वाळत होती. दुपारी जेवायला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि तळलेला चांबो मासा. चांबो हाही सिक्लिडच, आपल्या उजनी धरणातल्या चिलापीचा भाऊबंद. हे कळल्यावर लेकीने ताट बाजूला सारलं. आमचा नावाडी म्हणाला, पूर्वी जाळ्यात चांबो भरपूर यायचा, आता फार लांब जावं लागतं. किनाऱ्यापासून १०० मीटरपर्यंतचं पाणी उद्यानात येतं, तिथे मासेमारीला बंदी आहे. त्याच पाण्यात रंगीत मासे पाहायला त्याने आम्हांला थुंबी बेटापाशी नेलं.

वन्संनी आधीच बजावलं होतं की गावाजवळ लव्हाळ्यांच्या कडेने पाण्यात शिरायचं नाही. तिथल्या गोगलगायींमुळे बिलहार्झिया नावाचा रोग होतो. (खडकाळ बेटापाशी धोका कमी, तरी परत आल्यावर डॉक्टरांना विचारून आम्ही गोळ्या घेतल्या.) पंजाबी ड्रेस घालून, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी धरून मी पाण्यात डोकं घातलं. प्रथम जीव घाबरला. मग खाली जे दिसलं त्याने भीती कुठल्या कुठे पळाली.

गावात आळ्या असाव्यात तशा पाण्यात आळ्या होत्या. खडकांच्या आळीत म्बुना जातीचे मासे, दगडावरचं शेवाळ खरवडत बसलेले. वाळूच्या आळीत वेगळेच, वाळू तोंडात घेऊन चाळणारे. मोकळ्या पाण्यात तिसऱ्यांचे थवे. आणि एवढ्यात लेकीने माझा दंड गच्च धरला. खाली तो होता, तिचा काळा पट्टेवाला ऑराटस! आपल्या कपारीशी आलेल्या माशावर तो तीरासारखा धावला. तो मासा हातभर पळाला, एका खडकाला वळसा घातला, दिसेनासा झाला. ऑराटस तिथेच थांबला, मागे वळला आणि पुन्हा शेवाळ खाऊ लागला. संपलं भांडण!

होडीत चढल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, आपल्या टाकीत पळायला जागाच नव्हती गं." केवढी सुटल्यासारखी वाटली ती मला! मासा दुष्ट नव्हता आणि तिची निवडही पाप नव्हती. हरलेल्याला जायला जागा नव्हती, एवढंच.

घरी आल्यावर आम्ही पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी करून घेतली. मैत्रिणींनो, हिच्यात सुमारे ४२५ लिटर पाणी मावतं. दगडांसकट वजन अर्ध्या टनाच्या आसपास जातं, तेव्हा टाकी तळमजल्यावर आणि भक्कम लोखंडी स्टँडवरच हवी. काळे दगड आधी तळाशी पातळ थर्मोकोलवर बसवले, वाळू मागाहून ओतली. हे मासे वाळू उकरतात, वाळूवर ठेवलेला दगड काचेवर कलंडू शकतो. दगडांत कपारी भरपूर ठेवल्या. पाण्याची मात्र गंमतच झाली. ज्या जड बोअरच्या पाण्यात आपली तुरीची डाळ शिजता शिजत नाही, तेच या माशांना मानवतं! पाणी २५-२६ अंशांवर राहावं म्हणून थंडीत हीटर लावतो आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो.

माशांची निवड या वेळी मायलेकींनी कागद-पेन्सिल घेऊन केली. ऑराटस नको. स्वभावाने शांत अशा तीनच जाती घेतल्या: पिवळे लॅब, पिवळ्या शेपटीचे जांभळट एसी आणि तांबूस रस्टी. प्रत्येकी सहा-सात. तिघांचे रंग वेगळे, कारण सारख्या रंगाचा नर दिसला की हे त्याला वैरी समजतात. शिवाय जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर संकर होतो. एका नरामागे तीन तरी माद्या हव्यात, म्हणजे एकाच मादीचा छळ होत नाही. सगळी पिल्लं एकाच दिवशी सोडावीत. पुढे नवा मासा आणलाच तर दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांचीही जागा नवी होते. पीकॉक दिसायला सुरेख, पण तो वाळूच्या बाजूचा आणि बुजरा. म्बुनांच्या धसमुसळेपणापुढे तो टिकत नाही. खाण्यात स्पिरुलिनाचा चुरा आणि उकडलेली पालकाची पानं. मांसाहारी खाणं दिलं तर म्बुनांचं पोट फुगून ते दगावतात.

गेल्या महिन्यात एका पिवळ्या मादीने खाणं टाकलं. गाल फुगलेले. सासूबाई रोज येऊन विचारत, "आज तरी खाल्लं का तिने?" लेकीने त्यांना समजावलं की ही अंडी तोंडात सांभाळते, तीनएक आठवडे तिचा उपवासच. पिल्लं बाहेर पडली तेव्हा आम्ही अकरा मोजली. दुसऱ्या दिवशी सात दिसली. आज पाच आहेत, सगळ्यांत खालच्या दगडाच्या कपारीत. मोठे मासे आले की आत शिरतात, गेले की बाहेर येतात.

सासूबाईंनी आपली खुर्ची आता टाकीसमोर हलवली आहे.