पिशवीतला कॅमेरा

गेल्या श्रावणात बेळगावहून गोकाकचा धबधबा पाहायला गेलो होतो. दिवसभर आभाळ भरलेले, म्हणून कॅमेरा पिशवीतच राहिला. परतताना अचानक ढग फाटले आणि घटप्रभेचे गढूळ, तांबडे पाणी उन्हात लखलखले. मी पिशवीची चेन ओढून लेन्सचे झाकण काढेपर्यंत ऊन गेलेसुद्धा!

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांना १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळ, रस्त्याने जाताना, वर चंद्र आणि खाली दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळते ऊन दिसले. घाईत प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राच्या उजेडाचा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून हिशेब करून एक फोटो मिळाला. दुसऱ्याच्या तयारीत ऊन सरले.

मला कसला आकडा पाठ! आता कॅमेरा मांडीवर असतो, झाकण खिशात. धूळ बसेल, असे सौभाग्यवती बजावतात. बसू दे.