पहिले पेडल आणि नानांचा कान

बेस गिटार ऐकायची म्हणून कुणी कार्यक्रमाला जात नाही. लोक गायकाला ऐकायला जातात, फार तर ढोलकीला दाद देतात. मागे कोपऱ्यात चार जाड तारांचे वाद्य गळ्यात अडकवून उभा असलेला माणूस नेमके काय करतो, हे बहुतेकांना सांगता येत नाही. पण तो मध्येच थांबला, तर गाणे एकदम पोकळ झाल्यासारखे वाटते. तबलजीने डग्ग्यावरचा हात काढून घ्यावा आणि नुसता उजवा हात वाजत राहावा, तसे.

हे वाद्य माझ्या वाट्याला आले ते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. भाचा नोकरीनिमित्त पुण्याला गेला. तिथल्या खोलीत जागा नाही म्हणून त्याने आपली बेस गिटार आणि लहानसा अ‍ॅम्प आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरी ठेवला. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने त्याच्यावरची धूळ पुसता पुसता तार छेडली आणि मग ती सुटली नाही. कॉलनीच्या गणपतीत गाणी बसवणारा आमचा चौघांचा एक गट आहे. कीबोर्ड, ढोलकी आणि गायिका होतीच. बेसची जागा रिकामी होती, ती मी धरली.

सहा-आठ महिन्यांत साध्या गाण्यांची साथ जमू लागली, तेव्हा भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, आता एक पेडल घ्या. नुसता कोरडा आवाज किती दिवस वाजवणार?’’

वाचकांपैकी ज्यांनी पेडल पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये जोडायची ही साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, पत्र्याची डबी. वर दोन-चार नॉब आणि पायाने दाबायचे एक बटण. हात वाजवण्यात गुंतलेले असतात, म्हणून हे काम पायाकडे. तारेतून आलेला विजेचा संकेत डबीत शिरतो आणि रूप बदलून बाहेर पडतो. कुठे तो खरखरीत होतो, कुठे दुहेरी, तर कुठे एक सप्तक खाली उतरतो. रोलँड कंपनीच्या ‘बॉस’ या शाखेने १९७७ पासून अशा आटोपशीर डब्या बाजारात आणल्या, आणि आज डोळ्यांपुढे येणारा पेडलचा आकार बराचसा तिथून आलेला आहे.

याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या, १९६१ साली लोकांसमोर आलेल्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेसचा आवाज फाटून, गुरगुरत बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी ‘मेस्ट्रो फझ टोन’ ही डबी विक्रीला आली. म्हणजे ज्या फाटक्या आवाजावर पुढे गिटारवाल्यांनी राज्य केले, त्याचा जन्म एका बेसच्या पोटी झाला.

पण स्वराला मुद्दाम खरखर देण्याची कल्पना आपल्याला काही नवी नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याची सगळी जादू जवारीत असते. घोडीचा माथा बेताने घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि तार घोडीला जेमतेम चाटत राहील अशी जागा शोधायची. मग एका तारेतून वरचे कितीतरी स्वर झिणझिणत उमटतात. तो दोरा म्हणजे विजेशिवाय चालणारे पेडलच. फरक एवढाच की जवारी लावणारा कारागीर आधी कान लावून बसतो, आणि आपण आधी किंमत बघतो.

किंमत बघण्यासारखी असतेच म्हणा. साधी चिनी बनावटीची डबी तीन हजारांच्या आसपास पडते, नावाजलेल्या कंपनीची दहा हजारांच्या पुढे जाते. आमच्या गावात बेसची पेडले मिळत नाहीत. इंदूर गाठावे, नाही तर रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन धोबीतलाव धरावा, किंवा न ऐकताच घरी मागवावे. अर्थशास्त्रात आम्ही मुलांना शिकवतो की वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण सोडून दिलेली दुसरी वस्तू. आमच्या घरात ती दुसरी वस्तू होती नानांचे नवे श्रवणयंत्र.

नाना म्हणजे माझे वडील. उभे आयुष्य त्यांनी पॉवरलूमच्या कारखान्यात काढले. ज्याने लूमच्या शेडमध्ये पाच मिनिटे घालवली आहेत, त्याला तिथला आवाज सांगायला नको. धोटा इकडून तिकडे आपटतो आणि असे कितीतरी लूम एकाच वेळी चालतात. शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलायचे. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे काम केले की कान सगळीकडून सारखा जात नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज जातात. नानांच्या तपासणीचा आलेख डॉक्टरांनी दाखवला, तो डावीकडे सपाट आणि उजवीकडे घाटासारखा उतरणारा. बोलण्यातले स, श, त, क हे वर्ण त्या उताराच्या बाजूला राहतात. म्हणून नानांना आपण बोलतो आहोत हे कळते, काय बोलतो हे कळत नाही. ‘सात’ म्हटलेले ‘हात’ ऐकू येते. जुने यंत्र लावले की भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो, म्हणून ते खणात पडलेले असते. घरात पाहुणे आले की नाना हळूच उठून ओसरीवर जातात.

गाणे तर त्यांनी सोडूनच दिले होते. एका संध्याकाळी मी आतल्या खोलीत सराव करत होतो. अ‍ॅम्प फरशीवर होता. ओसरीवर बाजेवर बसलेल्या नानांचा पाय ठेक्यात हलत असल्याचे सौभाग्यवतींनी पाहिले आणि मला खुणेने बोलावले. मी वाजवणे थांबवले, तसे नाना म्हणाले, ‘‘बंद का केलं? ते बरं ऐकू येत होतं.’’

त्यात चमत्कार काही नव्हता. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८. त्यांच्यावरचे स्वर चढत गेले, तरी नानांच्या आलेखाच्या सपाट भागातच राहतात. शिवाय एवढ्या खालचा आवाज फरशीतून, बाजेच्या लाकडातून अंगालाही लागतो. साऱ्या वाद्यांतून नानांच्या वाट्याला उरलेले नेमके हेच वाद्य भाचा आमच्याकडे ठेवून गेला होता.

तेव्हापासून पेडलची निवड नुसती माझ्या हौसेची राहिली नाही. आमच्याकडे लग्नसराईत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रातली मुले माझी विद्यार्थी आहेत. त्यांनी चार डब्या आठवडाभर वापरायला दिल्या. मी आत वाजवायचो आणि नाना ओसरीवर ऐकायचे.

पहिली होती गिटारसाठीची डिस्टॉर्शन. माझ्या कानाला ती भलतीच मर्दानी वाटली. ओसरीवरून आवाज आला, ‘‘लूमचं बेअरिंग गेलंय का रे?’’ विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा बरोबर होता. गिटारसाठी बनवलेल्या अशा बऱ्याच डब्या खालचा आवाज गाळतात, कारण गिटारला त्याची गरज नसते. बेसचा पायाच मग निघून जातो. बेससाठीच्या डब्यांवर म्हणूनच बऱ्याचदा ‘ब्लेंड’ नावाचा नॉब असतो. त्याने मूळ स्वच्छ आवाज आणि खरखरीत आवाज हवे तसे मिसळता येतात. नवशिक्याने डिस्टॉर्शन घ्यायचेच ठरवले, तर आधी हा नॉब शोधावा.

दुसरी कोरस, म्हणजे एकाच स्वराच्या किंचित मागेपुढे होणाऱ्या प्रती. एकट्याने वाजवताना छान वाटली. ढोलकी आणि कीबोर्ड सोबत आल्यावर ठोक्याची धार गेली. नाना म्हणाले, ‘‘पाण्यात वाजवल्यासारखं येतंय.’’ तिसरी ऑक्टेव्ह. ती स्वराच्या खाली आणखी एक सप्तक जोडते. खालच्या तारांवर ती अडखळते आणि एवढा खालचा स्वर आमच्या लहान स्पीकरला पेलवतही नाही.

चौथी कॉम्प्रेसर. भाचा आधीच म्हणाला होता, ‘‘मामा, ती बोअरिंग असते. लावली की काढली, कळतसुद्धा नाही.’’ कॉम्प्रेसरचे काम एवढेच की जोरात आलेला स्वर आवरायचा. चारास एक असे प्रमाण ठेवले, तर ठरावीक मर्यादेच्या वर चार डेसिबल चढलेला आवाज बाहेर एकच डेसिबल चढतो. मग सगळाच आवाज थोडा उचलता येतो आणि दबलेले स्वर वर येतात. ऐकायला खरोखरच फार फरक वाटत नाही. पण नाना दोन गाणी झाल्यावर आत आले आणि दारात उभे राहून म्हणाले, ‘‘आज एकही गाळला नाहीस. सगळे आले.’’

गाळले मी आधीही नव्हते. हळू वाजलेले स्वर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, इतकेच.

मी ती साधी, तीन हजारांतली कॉम्प्रेसर घेतली. महागडी घेतली नाही, कारण उरलेले पैसे श्रवणयंत्राच्या खात्यात टाकायचे होते. त्यावर घरात दोन मते नव्हती. जाणकार म्हणतात की कॉम्प्रेसरमुळे नवशिक्याची बोटे आळशी होतात, असमान वाजलेले झाकले जाते. हे खरे आहे. म्हणून सकाळचा सराव पेडलशिवाय आणि संध्याकाळचे वाजवणे पेडलसह, असा नियम केला आहे.

ज्या मुलांना पहिले पेडल घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. सूर जुळवायचे यंत्र आधी हवे. मोबाइलवर ते फुकट मिळते, पण मंडपातल्या गोंगाटात मानेला चिमट्याने लावायचे बरे, कारण ते लाकडाचा कंप घेते. पेडलला बहुधा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. घरातला कुठलाही अ‍ॅडॅप्टर खुपसू नये. स्वस्त अ‍ॅडॅप्टर गुणगुणतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ही गुणगुण नेमकी बेसच्या ४१ आणि ५५ च्या दोन तारांमध्ये येऊन बसते. बॅटरीवर चालवत असाल, तर वाजवून झाल्यावर गिटारची केबल काढून ठेवावी. बऱ्याच डब्यांत केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. आणि डबी एकट्याने ऐकून पसंत करू नये, सोबतची वाद्ये वाजत असताना ऐकावी.

कुठले पेडल चांगले, हा प्रश्न दुकानात विचारला की उत्तर डब्यांमध्ये शोधले जाते. आपले वाद्य कुणासाठी वाजते आणि त्याच्यापर्यंत काय पोहोचत नाही, हे आधी पाहिले तर निवड पुष्कळ सोपी होते. कुणाला ढोलकीच्या वर ऐकू यायचे असेल, कुणाला गायिकेच्या खाली राहायचे असेल. माझ्यासाठी तो प्रश्न बाजेवर बसलेल्या माणसाने सोडवला.

हल्ली गटाचा सराव आमच्याच घरी होतो. ढोलकीवाले मित्र आले की नानांना हात जोडतात आणि बाज उचलून अ‍ॅम्पजवळ आणून ठेवतात. गाणे कुठले चालले आहे हे नानांना कळत नाही, शब्द तर नाहीच नाही. पण पाहुणे आल्यावर उठून जाणारे नाना आता शेवटचे गाणे होईपर्यंत जागचे हलत नाहीत.