गाडी उपाशी नव्हती

रमजानच्या दोन आठवडे आधी आमच्या गाडीचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. गाडी सेकंडहँड, पेट्रोलची, १ लाख ४० हजार किलोमीटर पळालेली. अब्बांना दर महिन्याला तपासणीसाठी सोलापूरहून पुण्याला न्यावं लागतं, जाऊन-येऊन ५०० किलोमीटर. एसटीचा प्रवास आता त्यांना झेपत नाही. शिक्षकाच्या घरात ही गाडी चैनीची नाही, औषधाच्या यादीतली आहे.

आधी लिटरला १६ देणारी गाडी ११ वर आली. बंद करताना पेट्रोलचा वास यायचा. पीयूसीला नेली तर तिथंही नापास, धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त. नेहमीच्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. त्यानं इंजेक्टर साफ केले, १८०० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. मग म्हणाला, सायलेन्सरमधला कन्व्हर्टर गेला, ४० हजारांच्या घरात जाईल. त्या रात्री मी पासबुक दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिल्यानं आकडा वाढत नाही, हे माहीत असूनही.

स्टाफरूममध्ये एकानं विजापूर रोडवरच्या एका पोराचं नाव सुचवलं. मी गेलो. बोनेटमधून डोकं बाहेर काढत तो म्हणाला, “सलाम सर! पहचाने क्या?”

ओळखलं. नववीत मराठीत नापास केलेला. तेव्हा आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नसे, म्हणून मुलं नववीत येऊन आपटायची. याचा पेपर कोरा असायचा. मी शेऱ्यात ‘लक्ष नाही’ असं लिहिलं होतं. त्यानंतर तो शाळेत आलाच नाही. आम्हीही फारशी चौकशी केली नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं स्कॅनर लावायच्या आधी पान्यानं चारही स्पार्क प्लग काढले आणि कपड्यावर ओळीनं मांडले. चारही काजळीनं काळेकुट्ट.

“बघा सर. कोड म्हणतोय पेट्रोल कमी. खरंच कमी असतं तर हे पांढरट पडले असते. हे काळे आहेत, पीयूसी नापास आहे, वास येतोय. गाडी उपाशी नाही, पोट फुटेस्तोवर खाल्लंय.”

त्याचं मराठी ऐकून मी चपापलो. अडखळत नव्हता. एकदा तरी वर्गात त्याला बोलायला उभं केलं असतं तर मला हे तेव्हाच कळलं असतं.

मग त्यानं समजावलं. इंजिनाच्या धुराच्या नळीत, कन्व्हर्टरच्या आधी, एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. त्याचं टोक धुरात आणि पाठ बाहेरच्या हवेकडे. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जो फरक, त्यातून बारीकशी वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, म्हणजे पेट्रोल कमी, तर सुमारे ०.१ व्होल्ट, ऑक्सिजन उरलाच नाही तर ०.९ च्या आसपास. चांगला सेन्सर तापला की या दोन टोकांमध्ये सतत झुलत राहतो. त्याच्या आकड्यावर कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो, १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, या हिशेबानं. (असा सेन्सर गाडीत पहिल्यांदा १९७६ मध्ये आला, व्होल्वोच्या गाडीत. हे मी घरी येऊन वाचलं. मास्तरकीची खोड.)

आमचा आकडा ०.१ वर चिकटून बसलेला. कॉम्प्युटर बिचारा २५ टक्के पेट्रोल जास्त सोडत होता, तरी आकडा हलेना.

“अम्मी को जुकाम हुआ तो सालन में नमक कम लगता ना सर? डालते जाती. वैसाच.”

मला वाटलं, झालं, आता सेन्सर बदलेल. पण नाही. आधी गार इंजिनावर नळीच्या सांध्यांशी कान लावून बसला. सांधा फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. सांधे ठीक निघाले. मग सेन्सरच्या वायरीलाच मीटर लावला, तिथंही ०.१, म्हणजे वायरचा दोष नाही. शेवटी इंजिन चालू ठेवून हवेच्या नळीत कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारला. इंजिन अडखळलं, मागून काळा धूर आला. एवढं इंधन आत गेल्यावर आकडा झटकन ०.९ ला जायला हवा. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत होतो. ०.१२. ०.११. ०.१२.

“अब बोल सकते, सेन्सर गया.”

सेन्सर ३४०० रुपयांना, मजुरी ३००. कन्व्हर्टर अजून बरा होता. असंच महिनाभर चालवलं असतं तर जास्तीच्या पेट्रोलनं तोही जळाला असता, असं तो म्हणाला. जुना सेन्सर निघता निघेना. गंजलेल्या आट्यांवर तेल मारून तो वाट बघत बसला, तेव्हा मी विचारलं, “नववीत पेपर कोरा का सोडायचास?”

तो हसला. “फळ्यावरचं दिसायचं नाही सर. चष्मा नंतर लागला. वही में उतारा क्या करता?”

तो चौथ्या बाकावर बसायचा. एवढं मला आठवत होतं.

बिल त्यानं स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं. ‘सेन्सर’मधला स चुकला होता, ‘बदलला’ही चुकलं होतं. लाल पेन खिशात होतं. मी पैसे मोजून दिले. “दिवा परत लागला तर फोन करा सर,” तो म्हणाला, “तपासल्याशिवाय काही बदलू देऊ नका.”

पुढच्या गुरुवारी पुण्याहून येताना भिगवणला चहाला थांबलो. अब्बांनी विचारलं, ॲव्हरेज किती पडलं? साडेपंधरा म्हणालो.