आधी चौकशी, मग निकाल

दर रविवारी सायंकाळी सहाला बडोद्याहून दादांचा व्हिडिओ कॉल येतो. दादा शहात्तर वर्षांचे. कानांनी जवळजवळ साथ सोडलेली. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणे ओळखतात. त्यामुळे साधा फोन आम्हां भावांच्या उपयोगाचा नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर मात्र हे चित्र अडू लागले. दोन वाक्ये होतात न होतात तोच ते थिजे आणि मग कॉलच तुटे.

मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाने जे करावे तेच मी केले. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला तक्रार लिहिली. ती वाचून पत्नी म्हणाली, "निलंबितच करणार वाटतं सगळ्यांना!" शिवाय राउटर दिवसातून दहादा बंद-चालू केला आणि हाती लागेल ते सेटिंग बदलले. असे दोन रविवार गेले. मग पुतण्याचा फोन आला. "काका, तुम्ही रागावलात का? बोलता बोलता गप्प होऊन नुसते बघत राहता, असं बाबा म्हणतात."

ज्या घरात मी राहतो, त्या इंदूरच्या रामबागेतील वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून २०२२ साली आमच्यांत शब्दाला शब्द लागला होता आणि काही महिने अबोला होता. अडकलेल्या चित्रात दादांना तोच अबोला दिसला.

मी कोरा कागद घेऊन बसलो. नव्या तहसीलदारांना मी सांगत असे, जागेवर जाऊन पाहा, एका वेळी एकच गोष्ट तपासा, दिसेल ते लिहा. तोच उपदेश आता स्वतःला केला.

पहिला प्रश्न, बिघाड एका यंत्रात की सर्वांत? माझा संगणक अडत होता, तसाच पत्नीचा मोबाइलही. म्हणजे यंत्रे निर्दोष. दुसरा, दोष आमच्याकडे की बडोद्याला? गच्चीवर जाऊन मोबाइलचे वायफाय बंद केले आणि सिमच्या डेटावरून पुतण्याला कॉल लावला. चित्र स्वच्छ! त्याने फोन दादांसमोर धरला. मी सावकाश ओठ हलवीत म्हणालो, "दादा, राग नाही. तार बिघडली आहे." दादा हसले. हा साधा उपाय पहिल्याच रविवारी सुचायला हवा होता.

तिसरा प्रश्न, दोष हवेतला की तारेतला? आमच्या जाड भिंतींत वायफाय क्षीण होते हे खरे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर थकतात. म्हणून संगणक केबलने थेट राउटरला जोडला. तरीही तीच कथा. उरली बाहेरून येणारी फायबरची तार. तेव्हा प्रथमच राउटरचे दिवे लक्षपूर्वक पाहिले. 'एलओएस' लिहिलेला दिवा मधूनमधून लाल लुकलुकत होता. तारेतून येणारा प्रकाश पुरेसा पोचत नसल्याची ती खूण.

एवढे टिपण वाचून दाखवताच कंपनीचा तरुण कारागीर दुसऱ्या दिवशी आला आणि सरळ कपाटामागे गेला. दिवाळीच्या साफसफाईत मीच ती लोंबती तार घट्ट दुमडून, फायलीला नाडी बांधावी तशी सुतळीने आवळून ठेवली होती. फायबर म्हणजे काचेचा धागा. तो फार वळला की आतला प्रकाश बाहेर निसटतो. त्याने गाठ सोडली, तारेला सैल वेटोळे दिले. लाल दिवा विझला. राउटर पुन्हा सुरू करायचा तर एकदाच बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि दिवे स्थिरावेपर्यंत हात लावू नये, असेही तो सांगून गेला.

तक्रार मी लेखी मागे घेतली. येत्या रविवारी सहाला दादा पडद्यावर आले, मला क्षणभर निरखून म्हणाले, "आता घराचं बोलूया का?" आणि आम्ही तासभर बोललो.