भविष्यकाळाचें ऋण

परक्या भाषेंतील क्रियापदांचीं कोष्टकें पाठ करणें हें विद्यार्थ्याच्या आयुष्यांतील अत्यंत नीरस काम होय, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु साठी उलटल्यावर आम्हीं स्पॅनिश भाषेचा अभ्यास आरंभिला, तेव्हां तिच्या भविष्यकाळाच्या लहानशा कोष्टकानें आम्हांस जितकें विचारांत पाडलें तितकें दुसऱ्या कोणत्याही प्रकरणानें पाडलें नाहीं.

नियम मोठा सोपा आहे. वर्तमानकाळीं क्रियापदाचा शेवट छाटून प्रत्यय लावावा लागतो. भविष्यकाळीं मूळ रूप जसेंच्या तसें राखून त्यापुढें प्रत्यय जोडावयाचा. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें. त्यापासून आब्लारे, मी बोलेन. आब्लारास, तूं बोलशील. आब्लारा, तो किंवा ती बोलेल. आब्लारेमोस, आम्ही बोलूं. आब्लारेइस, तुम्ही बोलाल. आब्लारान, ते बोलतील. एरव्हीं निरनिराळे चालणारे क्रियापदांचे तिन्ही गण येथें एका पंक्तीस बसतात. ‘कोमेर’, जेवणें, याचें कोमेरे. ‘बिबिर’, जगणें, याचें बिबिरे. आपल्या ‘करीन’ आणि ‘उठेन’ यांमध्यें जो भेद आहे, तेवढाही तेथें नाहीं. अनियमित क्रियापदांचें अंग बदलतें, पण प्रत्यय तेच राहतात.

हे प्रत्यय आले कोठून? लॅटिन भाषेचा जुना भविष्यकाळ लोकांच्या तोंडून हळूहळू लोपला. ‘गाईल’ आणि ‘गाइलें’ या अर्थांचीं लॅटिन रूपें उच्चारांत एकमेकांत मिसळूं लागलीं, हें त्याचें एक कारण. मग लोक मूळ क्रियापदापुढें ‘जवळ असणें’ या अर्थाचें दुसरें क्रियापद ठेवूं लागले. ‘मजजवळ बोलणें आहे’, म्हणजे आपल्या मराठींत ‘मला बोलावयाचें आहे’. स्पॅनिशमध्यें या दुसऱ्या क्रियापदाचीं वर्तमानकाळचीं रूपें ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन अशीं आहेत. वाचकांनीं तीं वरील कोष्टकाशीं ताडून पाहावीं. पांचव्यांतील ‘आब’ तेवढा गळाला. बाकी सर्व कायम आहे. नेब्रिहा या पंडितानें १४९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या कॅस्टिलियन व्याकरणांतही ही घडण नमूद आहे. गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांच्या ग्रांथिक भाषेंत तर हा सांधा अद्याप उघडा दिसतो: ‘फालार-ते-एइ’, म्हणजे ‘तुझ्याशीं बोलेन’, यांत ‘ते’ हें सर्वनाम क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध जाऊन बसतें.

याच रूपाचा आणखी एक उपयोग आहे. ‘सेरान लास दिएस’ म्हणजे ‘दहा वाजले असतील’. आपणही घड्याळ जवळ नसलें कीं भविष्यकाळाच्याच आश्रयास जातों! यावरून आम्हांस असें वाटतें कीं, उद्यांविषयीं मनुष्याच्या हातीं दोनच वस्तु आहेत: एक तर्क आणि दुसरें कर्तव्य. पहिल्यावर कोणाचा अधिकार चालत नाहीं. दुसरें मात्र आजच आपल्याजवळ असतें.

आपल्या घरांतून ‘देईन’, ‘येईन’, ‘पाठवीन’ हे शब्द किती सहज उच्चारले जातात! ‘बघूं’ म्हणजे नकार, हें तर लहान मुलासही ठाऊक असतें. आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या अखेरच्या आजारांत एका स्पॅनिश कादंबरीचें अर्धवट राहिलेलें मराठी भाषांतर आमच्या हातीं दिलें. ‘पुरें करूं’ असा शब्द आम्हीं त्यांस दिला, आणि त्या शब्दासाठींच हा सारा अभ्यास आहे. तें पुरें होण्याइतकें आयुष्य आम्हांस लाभेल कीं नाहीं, हा तर्काचा प्रश्न. त्याचें उत्तर कोणत्याही व्याकरणांत नाहीं. परंतु तें काम आज आमच्याजवळ आहे, आणि ‘करूं’ या शब्दाचा तेवढा अर्थ आमच्या स्वाधीन आहे. तूर्त सातवें प्रकरण चाललें आहे.