दुसरी बॅटरी

मागच्या सीटच्या जागी गादी आणि छोटा फ्रिज, अशी आमची घरगाडी. गेल्या हिवाळ्यात तिच्यातून बेळगावहून चंदगडमार्गे आंबोलीला गेलो. संकेश्वरला आपण पाहतो त्या हिरण्यकेशीचा उगम तिथल्या गुहेत आहे. सोबत सासूबाई होत्या. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. रात्रभर फ्रिज, पंखा, दिवे इंजिनाच्याच बॅटरीवर चालले. पहाटे सासूबाईंची हाक आली, "करंट होत्रि!" गाडीही सुरू होईना. नशीब, आंबोलीच्या गारठ्याने औषध सांभाळलं. एका ट्रकचालकाने जंपर केबल लावली, तेव्हा इंजिन बोललं.

परतल्यावर घरासाठी वेगळी डीप सायकल बॅटरी बसवली. मध्ये आयसोलेटर, त्यामुळे प्रवासात दोन्ही चार्ज होतात, मुक्कामात इंजिनाची सुरक्षित राहते. हिशेब सोपा आहे : 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तास म्हणजे 1200 वॅट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत. 40 वॅटचा फ्रिज एकूण 12 तास चालला, तर 480 गेले. उरलेल्यात पंखा बसवा. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात, म्हणून फ्रिजमध्ये तापमापक ठेवा. जंपर केबलही स्वतःची असू द्या.

आता गाडीत चढताना सासूबाई आधी विचारतात, "बॅटरी एरड अदावेन्रि?"