समकालीन कोणास म्हणावे?

आम्ही क्रिकेटवर वाढलेले. बेसबॉलमधली एकच गोष्ट आम्हांस चटकन उमगते, ती म्हणजे सरासरी. फलंदाजाला मिळालेल्या संधींपैकी किती वेळा त्याने यशस्वी फटका मारला, याचे ते प्रमाण. दहांत तीनदा जमले तरी खेळाडू उत्तम गणला जातो.

टाय कॉब १९२८ साली निवृत्त झाला तो ०.३६७ ही सरासरी मागे ठेवून. जवळजवळ शतकभर तिच्यापुढे कोणी गेले नाही. मे २०२४ मध्ये मात्र मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत अग्रस्थानी दुसरेच नाव आले : जॉश गिब्सन, ०.३७२. हा गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीच वारला होता.

मृत खेळाडूने नवे फटके मारले नव्हते. तुलनेची चौकट तेवढी रुंदावली होती. गिब्सन कृष्णवर्णीय. त्या काळी मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांस बंद असल्याने तो निग्रो लीगमध्ये खेळला. जॅकी रॉबिन्सनसाठी ती दारे उघडली १५ एप्रिल १९४७ रोजी, गिब्सनच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत. पुढे २०२० मध्ये, १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून हुडकलेल्या नोंदी मूळ यादीत मिसळल्या गेल्या.

यावर आक्षेप असा, की कॉबच्या संधी अकरा हजारांहून अधिक, गिब्सनच्या दोन हजारांहून थोड्याच जास्त. मग तुलना कशी व्हावी? आक्षेप गणिताच्या दृष्टीने रास्त आहे. परंतु गिब्सनचा हिशेब तोकडा राहिला तो बहिष्कारामुळे, आणि त्याच बहिष्काराची सावली कॉबच्या आकड्यावरही आहे. निग्रो लीगमधील उत्तम गोलंदाजांना मेजर लीगमध्ये त्याला कधी सामोरे जावेच लागले नाही. शंकेची खूण करायचीच, तर ती दोन्ही नावांपुढे करावी लागेल.

हा विषय आम्हां मराठीच्या अध्यापकांस परका वाटत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर'ने आपले नाव घेतले ते तिथल्या 'ब्लॅक पँथर'वरून. तरीही आमच्या वर्गांत काय घडते? जी. ए. कुलकर्णी यांचा 'निळासावळा' १९५९ चा, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. अवघ्या चार वर्षांचे अंतर. पण आम्ही पहिला संग्रह नवकथेच्या प्रकरणात शिकवतो आणि दुसरा दलित साहित्याच्या. आमच्या अनुभवात एकाच प्रश्नात ही दोन नावे क्वचितच शेजारी येतात.

स्वतंत्र प्रकरणामुळे बागुलांना जागा मिळाली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच सोयीने 'श्रेष्ठ कथाकार कोण' ही चर्चा त्यांना वगळून सुखेनैव चालू राहते. पुढील सत्रात हे दोन्ही संग्रह आम्ही एकाच आठवड्यात, लागोपाठच्या तासांना वाचणार आहोत. बागुलांच्या शेजारी जी. ए. कसे वाचले जातात, याचेही आम्हांस तितकेच कुतूहल आहे.